गुणाकाराची शाब्दिक उदाहरणं शिकवताना: आधी दशक दिसू द्या

पाढे तोंडपाठ असलेलं मूल शाब्दिक उदाहरणापाशी अडलं, की नव्याने शिकवायला लागलेले बहुतेक जण त्याच्याकडून आणखी पाढे घोकून घेतात. मी तिसरी-चौथीच्या मुलांना गणित शिकवते. माझ्या अनुभवात अडचण बहुतेक वेळा पाढ्यांत नसतेच. मुलाला २४ मध्ये दोन आणि चार दिसतात, वीस आणि चार दिसत नाहीत. मग तीनने गुणताना 'तीन दुणे सहा' म्हटलं, तरी ते सहा कशाचे, हे त्याला सांगता येत नाही.

म्हणून सुरुवात काड्यांनी करा. दहा-दहाचे गठ्ठे आणि काही सुट्या काड्या. तीन मुलांसमोर प्रत्येकी २४ काड्या ठेवा, म्हणजे दोन गठ्ठे आणि चार सुट्या. आता सगळं एकत्र करायला लावा. सहा गठ्ठे होतात आणि बारा सुट्या. त्या बारांतल्या दहांचा गठ्ठा बांधला की सात गठ्ठे आणि दोन सुट्या, ७२. वहीत दशकाच्या डोक्यावर आपण जो हातचा १ लिहितो, तो हाच आत्ता बांधलेला गठ्ठा. गठ्ठा मुलाने स्वतःच्या हाताने बांधायचा, आपण बांधून दाखवायचा नाही. इथे घाई करू नका. ज्यांनी हे नीट केलंय, ती मुलं पुढे हातचा विसरली तरी कुठे विसरलो ते स्वतः शोधतात.

आता उदाहरण वाचण्याबद्दल. 'एकूण दिसलं की बेरीज, प्रत्येकी दिसलं की गुणाकार' अशी खूण मुलांना कधीही देऊ नका. त्याऐवजी ही दोन उदाहरणं शेजारी-शेजारी लिहा. 'एका पेटीत ३६ पुस्तकं आहेत आणि दुसरीत २४, तर एकूण पुस्तकं किती?' आणि '३६ पेट्या आहेत, प्रत्येक पेटीत २४ पुस्तकं आहेत, तर एकूण पुस्तकं किती?' संख्या त्याच, 'एकूण' दोन्हीकडे आहे, पण एकाचं उत्तर ६० आणि दुसऱ्याचं ८६४. गणित करण्याआधी दोन्हींचं चित्र काढायला सांगा. सारखे गट दिसले की गुणाकार, हे मुलं चित्रावरूनच ठरवतात. 'चौपट' असलेली उदाहरणं जरा उशिरा घ्या. 'तिच्याकडचे २४ मणी माझ्या चौपट आहेत, तर माझ्याकडे किती?' यात शब्द गुणाकाराचा आणि क्रिया भागाकाराची. कागदाच्या पट्ट्या आखल्याशिवाय ते बऱ्याच मुलांच्या लक्षात येत नाही.

दोन अंकी संख्येला दोन अंकी संख्येने गुणायची वेळ आली, की सगळ्यात जास्त दिसणारी चूक एकच. सभागृहात ३६ रांगा आहेत, प्रत्येक रांगेत २४ खुर्च्या. मूल ३० × २० = ६०० करतं, ६ × ४ = २४ करतं आणि ६२४ लिहून मोकळं होतं. 'चुकलं' म्हणू नका. एक आयत काढा, उभ्या बाजूचे ३० आणि ६ असे भाग करा, आडव्या बाजूचे २० आणि ४. चार चौकटी झाल्या.

मी विचारते, "तुझ्या सहाशे खुर्च्या कुठल्या चौकटीत?"

"ह्या मोठ्या. आणि चोवीस ह्या कोपऱ्यातल्या."

"आणि ह्या दोन चौकटींत कोण बसणार?"

मूल थांबतं, बोटाने आडवी-उभी रेघ तपासतं. "बाई, इथे पण खुर्च्या आहेत!" मग ३० × ४ = १२० आणि ६ × २० = १२० ते स्वतःच भरतं. राहून गेलेल्या २४० खुर्च्या त्याने डोळ्यांनी पाहिलेल्या असतात.

उभी मांडणी याच्यानंतरच. तिच्या पहिल्या ओळीत १४४ येतात, दुसरीत ७२०. चौकटींमध्ये हे १४४ आणि ७२० शोधायला लावा, मुलांना यात फार मजा येते. चारच्या पट्टीतले १२० आणि २४ मिळून १४४, वीसच्या पट्टीतले ६०० आणि १२० मिळून ७२०. दुसऱ्या ओळीच्या शेवटी शून्य का, किंवा तिथे फुली का मारतात, हे वेगळं समजवावं लागत नाही. फक्त बोलताना 'आता दोनने गुणू' म्हणू नका, 'वीसने गुणू' म्हणा.

'दहाने गुणलं की शून्य लावा' हा नियमही मी सांगत नाही. पुढे दशांश अपूर्णांक आले, की हीच मुलं २.५ × १० चं उत्तर २.५० लिहितात. प्रत्येक अंक एक घर डावीकडे सरकतो, एककाचा दशक होतो आणि दशकाचा शतक, हे सांगा. ४० × ३० सुद्धा असंच: चार दशक गुणिले तीन दशक, बारा शतक, म्हणजे १२००.

उत्तराचा अंदाज आधी काढायची सवय लावाच, पण जवळचा अंदाज काढायला शिकवा. ३६ × २४ हे ६०० ते १२०० च्या मध्ये, एवढंच म्हटलं तर ६२४ सुद्धा त्यात बसतं. २४ ऐवजी २५ धरले, तर चार रांगांच्या शंभर खुर्च्या, ३६ रांगांच्या नऊशे. आता ६२४ लगेच खटकतं.

मधे शून्य असलेल्या संख्यांसाठी मुलांनाच गोष्ट रचू द्या. उदाहरणार्थ ३०७ × ४: एका पुस्तकाला ३०७ पानं, अशी चार पुस्तकं. कुणाचं उत्तर १२०८ आलं, तर विचारा, सात-सात पानांची मिळून किती पानं झाली? अठ्ठावीस. त्यातली आठ तर इथे लिहिलीस, मग उरलेली वीस कुठल्या घरात गेली?