‘डिसीव्ह’ हे इंग्रजी क्रियापद वापरायला कसे शिकावे

डिसीव्ह म्हणजे फसवणे, एवढे बहुतेकांना ठाऊक असते. अडते ते वाक्य करताना. कोणी कोणाला फसवले, कर्ता कुठे ठेवायचा, पुढे कोणता शब्द जोडायचा, हे शब्दकोशातल्या एका मराठी प्रतिशब्दावरून कळत नाही. म्हणून हे क्रियापद वाक्यासकटच शिकावे.

आधी अर्थाची हद्द ठरवा

समोरच्याच्या मनात खोटी समजूत रुजवणे हा डिसीव्हचा गाभा आहे. त्यात पैसे जायलाच हवेत असे नाही. खोटे बोलायलाच हवे असेही नाही. सदनिकेवर बँकेचे कर्ज आहे ही गोष्ट विकणाऱ्याने मुद्दाम दडवली, तरी त्याने ग्राहकाला डिसीव्हच केले.

हा फरक आपल्या कायद्यात फार स्वच्छ दिसतो. १८६० च्या भारतीय दंड संहितेच्या ४१५ व्या कलमात ‘चीटिंग’ची व्याख्या होती. तिची सुरुवातच ‘हूएव्हर, बाय डिसीव्हिंग एनी पर्सन’ अशी होती. अप्रामाणिकपणे वस्तुस्थिती दडवणे हेसुद्धा ‘डिसेप्शन’ धरावे, असे खालच्या स्पष्टीकरणात म्हटले होते. १ जुलै २०२४ पासून त्या संहितेची जागा भारतीय न्याय संहितेने घेतली. तिच्या ३१८ व्या कलमातही हीच मांडणी आहे. म्हणजे डिसीव्ह करणे हा मार्ग आणि चीटिंग हा त्या मार्गाने केलेला गुन्हा. दोन्हींना आपण ‘फसवणूक’ म्हणतो, म्हणून गल्लत होते.

स्पेलिंग आणि उच्चार

रिसीव्ह लिहिता येत असेल तर डिसीव्ह येतेच. सी नंतर आधी ई, मग आय. दोन्ही शब्दांचे मूळ लॅटिनमधल्या ‘पकडणे, घेणे’ या अर्थाच्या एकाच धातूत आहे. उच्चारताना जोर दुसऱ्या अक्षरावर, ‘सीव्ह’वर द्यावा. नाम डिसीट. रिसीटमध्ये न उच्चारलेला पी असतो, डिसीटमध्ये तो नाही. वारसाहक्काच्या अर्जात ‘मृत’ या अर्थाने येणारा डिसीस्ड हा शब्द मात्र पूर्ण वेगळा आहे. घाईत एकाच्या जागी दुसरा लिहिला जातो, तेवढे सांभाळावे.

‘फसणे’ आणि ‘फसवणे’ वेगळे करा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्यावा, कारण मराठी माणसाच्या बहुतेक चुका इथेच होतात. आपल्याकडे दोन क्रियापदे आहेत. फसवणारा फसवतो आणि बळी पडणारा फसतो. इंग्रजीत दुसऱ्यासाठी वेगळे क्रियापद नाही, तिथे कर्मणी प्रयोग करावा लागतो. ‘मी फसले’ हे ‘आय डिसीव्ह्ड’ असे लिहिले, तर फसवणारे आपणच ठरतो, शिवाय कोणाला फसवले हे न सांगितल्याने वाक्य लटकते. बरोबर वाक्य ‘आय वॉज डिसीव्ह्ड’. तक्रार अर्जात या एका ‘वॉज’ने आरोपी आणि फिर्यादी यांची अदलाबदल होते.

आणखी एक खाचखळगा आहे. आपला बेत फसतो, प्रयोग फसतो. तिथे कोणी कोणाला गंडवलेले नसते, काम जमलेले नसते इतकेच. अशा ठिकाणी डिसीव्ह चालत नाही, फेल म्हणावे.

डिसीव्हला कर्म थेट लागते. ‘माझ्यासोबत चीटिंग केली’ या बोलीच्या वळणावर ‘ही डिड चीटिंग विथ मी’ असे म्हटले जाते. ते सोडून ‘ही डिसीव्ह्ड मी’ किंवा ‘ही चीटेड मी’ म्हणावे. मध्ये ‘विथ’ नको.

‘फसवून सही घेतली’ कसे म्हणायचे

आपण ‘फसवून’ आधी सांगतो आणि मुख्य क्रिया शेवटी. इंग्रजीत डिसीव्ह हेच मुख्य क्रियापद होते, त्यानंतर माणूस, मग ‘इन्टू’ आणि शेवटी आयएनजी लावलेली क्रिया. ‘दे डिसीव्ह्ड हिम इन्टू सायनिंग द पेपर्स.’ या ‘इन्टू’त सही झाली हे गृहीत असते. माणूस वेळीच सावध झाला आणि सही टळली, तर ‘ट्राइड टू डिसीव्ह’ म्हणावे.

शेजारचे शब्द

- लाय म्हणजे खोटे बोलणे. कोणाशी ते सांगायचे तर ‘टू’ हवाच: ‘शी लाइड टू मी’.
- मिसलीड म्हणजे दिशाभूल करणे. हे नकळतही होऊ शकते. भूतकाळी रूप मिसलेड, आणि स्पेलिंगमधला ए तेव्हा गळतो.
- ट्रिक हा बोलण्यातला हलका शब्द. रचना डिसीव्हसारखीच, ‘इन्टू’सकट.
- बिट्रे म्हणजे विश्वासघात करणे. आधी विश्वास असला तरच.
- चीट परीक्षेतल्या कॉपीसाठीही चालतो. ‘चीट ऑन’ मात्र जोडीदाराशी बेइमानी करण्याबद्दल म्हणतात. धंद्यातल्या भागीदाराने पैसे लाटले, तर ‘चीटेड मी आउट ऑफ माय मनी’ म्हणावे.

विशेषणेही दोन आहेत. वरवरचे रूप, आकडे, जाहिरात यांना डिसेप्टिव्ह म्हणतात. माणसाच्या स्वभावाला डिसीटफुल.

सराव

वर्तमानपत्रातली सायबर फसवणुकीची बातमी घ्या. समजा, पोलीस असल्याची बतावणी करून कोणीतरी एका निवृत्त शिक्षिकेला व्हिडिओ कॉलवर ‘डिजिटल अटक’ केली आणि पैसे वळते करून घेतले. या एका घटनेवर तीन वाक्ये लिहा. पहिल्यात भामटा कर्ता, दुसऱ्यात शिक्षिका कर्ता आणि क्रियापद कर्मणी, तिसऱ्यात ‘इन्टू ट्रान्सफरिंग’. मग तोच प्रसंग चीट वापरून लिहून पाहा. पैसे गेल्याचा उल्लेख काढून टाकला की चीट पोकळ वाटू लागते आणि डिसीव्ह तसेच टिकते. चार-पाच बातम्यांवर हे केले की कोणते क्रियापद कुठे, हे विचार न करता सुचू लागते.