भाड्याच्या घरातली ओल आणि बुरशी: या चुका टाळा

मुंबई, ठाणे, पनवेलकडे बरीच कुटुंबं शाळा सुरू व्हायच्या आधी, एप्रिल-मेमध्ये भाड्याचं घर बदलतात. त्या दिवसांत कुठलीही भिंत कोरडीच दिसते, त्यातून मालकाने नुकताच रंग दिलेला. मग जुलैत पोपडे सुटतात, कपाटात कुबट वास येतो आणि चामड्याच्या पट्ट्यावर बुरशी चढते.

घर बघताना फक्त दर्शनी भिंती बघणं

माळ्याच्या आत, सिंकखाली आणि बाथरूमला लागून असलेल्या भिंतीच्या पलीकडच्या बाजूला बघा. तिथे सहसा रंगाचा ब्रश पोचत नाही. अख्ख्या घरात एकाच भिंतीला ताजा रंग असेल, तर का ते विचारा. आणि वॉचमनला विचारा, "काका, पावसात या घरात गळतं का हो?" एजंटपेक्षा तो खरं सांगतो.

पाणी कुठून येतंय ते न शोधता भिंत पुसत बसणं

सगळ्यात महागात पडते ती हीच चूक. पाणी चालू आहे तोवर बुरशी परत येणारच, मग औषध कितीही कडक मारा. ओलीच्या वागण्यावरून तिचं मूळ बरंचसं ओळखता येतं. पावसाची झड लागली की डाग पसरतो आणि उघडीप मिळाली की सुकतो, तर पाणी बाहेरच्या भिंतीच्या भेगेतून किंवा खिडकीच्या चौकटीतून येतंय. आपल्याकडे पावसाळी वारा नैऋत्येचा, त्यामुळे पश्चिम आणि दक्षिणेकडच्या भिंती आधी भिजतात. डिसेंबरातही डाग ओलाच असेल, तर वरच्या मजल्याचं बाथरूम किंवा भिंतीतला पाइप तपासायला हवा. तळमजल्यावर खालून कमरेएवढी ओल आणि वर क्षारांची पांढरी भुकटी दिसली, तर ती जमिनीतून चढतेय.

चौथं कारण आपणच असतो. खोलीत दोरीवर ओले कपडे, झाकण न ठेवता उकळणारा भात, बंद पडलेला एक्झॉस्ट, बाहेरच्या भिंतीला खेटून ठेवलेलं कपाट. शंका असेल तर फॉइलचा तुकडा चारही बाजूंनी टेपने भिंतीवर चिकटवा आणि दोन दिवसांनी काढा. भिंतीकडची बाजू ओली असेल तर पाणी भिंतीतूनच येतंय. खोलीकडची बाजू ओली असेल तर ती हवेतली वाफ. वाफच असेल तर एक्झॉस्ट दुरुस्त करा, कपाट चार बोटं पुढे ओढा, एसी ड्राय मोडवर चालवा. मुसळधार पावसात "हवा खेळू दे" म्हणून खिडक्या उघडल्या तर दमटपणा उलट वाढतो.

भर पावसात पुट्टी

मालक म्हणतो, "माणूस पाठवतो, पुट्टी मारून घ्या." ओल्या भिंतीवरची पुट्टी फुगून सुटते, वॉटरप्रूफ रंगही टिकत नाही. आधी मूळ दुरुस्ती, मग भिंत पूर्ण सुकू द्यायची. रंगाचं काम दिवाळीनंतरच काढा.

ब्लीच आणि ॲसिड एकत्र

टॉयलेटच्या ॲसिडमध्ये ब्लीच मिसळलं की क्लोरीन वायू सुटतो. बंद बाथरूममध्ये तो जिवावर बेतू शकतो. थोडीशी बुरशी असेल तर मास्क आणि हातमोजे घालून साबणाच्या पाण्याने ओल्या फडक्याने पुसा. कोरड्या ब्रशने घासलं की बीजाणू घरभर उडतात. घरात कुणाला दमा असेल तर हे काम त्यांनी करू नये. ओल स्विचबोर्डपर्यंत आली असेल, तर सफाई राहू द्या, मेन बंद करा आणि इलेक्ट्रिशियन बोलवा.

तोंडी सांगून गप्प बसणं, किंवा थेट भाडं कापणं

महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 च्या कलम 14 नुसार, किमान 15 दिवसांची नोटीस देऊनही मालकाने दुरुस्ती केली नाही, तर भाडेकरू ती करून खर्च भाड्यातून वळता करू शकतो. पण वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशापर्यंतच. हे वाचून लोक उत्साहात भाडं कापतात. जरा थांबा. 11 महिन्यांच्या लिव्ह अँड लायसन्सवर राहणारा कायद्याच्या भाषेत भाडेकरू नसतो. तिथे मुख्यतः करारात काय लिहिलंय ते चालतं.

सोसायटीकडेही तुमच्या अर्जाला फारसं वजन नसतं, कारण सभासद मालक असतो. आदर्श उपविधींप्रमाणे (सोसायट्यांसाठीचे नमुना नियम) पावसाची आणि सामाईक पाइपांची गळती सोसायटीच्या खर्चात येते. संडास-बाथरूममधली आतली गळती संबंधित फ्लॅटधारकांनी बघायची. म्हणून मूळ सापडल्यावर मालकाला व्हॉट्सॲपवर फोटोंसह लिहा: "खिडकीखाली ओल आली आहे, पाऊस पडला की वाढते. सेक्रेटरींना पत्र द्या आणि त्याची प्रत मलाही पाठवा." हे संदेश डिलीट करू नका. घर सोडताना "भिंत तुम्ही खराब केलीत" म्हणत डिपॉझिटला हात घातला जातो, तेव्हा तारखेसकट फोटो समोर ठेवता येतात. करार पुढे वाढवायचा असेल, तर गळतीची दुरुस्ती कोण आणि कधीपर्यंत करणार, ही ओळ नोंदणीआधीच त्यात घालून घ्या.