सेल्फ फिरतो, पण गाडी सुरू होत नाही : शिकाऊ मेकॅनिकसाठी काही अनुभव

गॅरेजच्या कामात नव्याने उतरलेल्या मुलाला सुरुवातीच्या काळात सर्वांत जास्त गोंधळात टाकणारी तक्रार म्हणजे, "सेल्फ व्यवस्थित फिरतो, पण गाडी स्टार्ट होत नाही." सेल्फच फिरत नसेल तर शोध बहुतेक वेळा बॅटरी, स्टार्टर मोटर, तिचा रिले आणि जाड केबल एवढ्यातच संपतो. इंजिन फिरते आहे आणि तरी पेट घेत नाही, असे झाले की इंधन, ठिणगी, हवा, कॉम्प्रेशन, टायमिंग, सेन्सर, इमोबिलायझर (चावी ओळखल्याशिवाय इंजिन चालू न देणारी चोरीविरोधी यंत्रणा) असे सगळेच संशयाच्या घेऱ्यात येतात. अशा वेळी हाताशी असलेला सुटा भाग बदलून पाहण्याचा मोह होतो. मलाही तो झाला होता आणि त्याची हकीकत पुढे येईलच. पण आधी पाना हातात न घेता करायच्या कामाबद्दल लिहितो, कारण निम्मे निदान तेथेच होते असे माझे ठाम मत आहे.

पहिले काम ऐकण्याचे. निरोगी इंजिन सेल्फवर फिरताना एकेक सिलिंडर कॉम्प्रेशनवर आला की किंचित जड होते आणि पुढे गेले की हलके होते, म्हणून त्या आवाजाला एक ठेका असतो. टायमिंग बेल्ट तुटलेला असेल तर कॅमशाफ्ट (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) जागेवरच थांबतो, व्हॉल्व्ह वेळेवर मिटत नाहीत, दाब तयार होत नाही आणि ठेका जाऊन नुसती एकसुरी घरघर ऐकू येते. असा आवाज कानी पडल्यास पुन्हा सेल्फ मारू नये. कित्येक इंजिनांत उघडा राहिलेला व्हॉल्व्ह आणि वर येणारा पिस्टन एकमेकांवर आदळतात. ठेका आहे पण गती मंद आहे, तर बॅटरी पाहावी. पूर्ण भरलेली १२ व्होल्टची बॅटरी स्वस्थ असताना सुमारे १२.६ व्होल्ट दाखवते आणि सेल्फ मारताना ती साधारण ९.६ व्होल्टच्या खाली जाऊ नये. त्याहून खाली गेली तर स्टार्टर कसाबसा फिरतो, पण इसीयू (इंजिन चालवणारा संगणक) आणि ठिणगी तयार करणाऱ्या इग्निशन कॉइलला पुरेसे व्होल्टेज मिळत नाही, आणि आपण विनाकारण प्लग खोलत बसतो.

दुसरे काम पाहण्याचे. चावी ऑन केल्यावर चेक इंजिनचा दिवा लागलाच पाहिजे. तो लागत नसेल तर इसीयूला सप्लाय किंवा अर्थ (बॅटरीच्या निगेटिव्हकडे परत जाणारी जोडणी) मिळत नसण्याची शक्यता मोठी, आणि मग फ्यूज व मेन रिलेपासून सुरुवात करावी. इमोबिलायझरचा दिवा लुकलुकत राहिला तर गाडीने चावी ओळखलेली नाही. काही गाड्या अशा वेळी एखाद-दोन सेकंद सुरू होऊन बंद पडतात, तर काहींत इंजिन नुसतेच फिरत राहते. तिसरे काम विचारण्याचे. गाडी धावता धावता एकदम बंद पडली की आचके देत देत? रात्रभर उभी राहिल्यानंतर की नुकत्याच केलेल्या एखाद्या दुरुस्तीनंतर? एकदम बंद पडणे बहुधा विजेकडे बोट दाखवते, तर आचके देत जीव सोडणे इंधनाकडे. हा नियम अचूक नाही, पण कोणते टोक आधी धरायचे ते त्यावरून ठरवता येते. इंधनाच्या काट्यावर मात्र डोळे झाकून विश्वास ठेवू नये, कारण टाकीतला फ्लोट अडकला तर रिकाम्या टाकीवरही तो अर्धी टाकी दाखवतो.

यानंतर स्कॅनर (इसीयूमधली माहिती वाचणारे यंत्र) लावावा. मात्र केवळ दोषाचे कोड वाचून थांबू नये. सेल्फ मारत असताना लाइव्ह डेटामध्ये आरपीएम पाहावा. सुस्थितीतले इंजिन सेल्फवर साधारण २०० ते २५० आरपीएमने फिरते. इंजिन डोळ्यांसमोर फिरते आहे आणि स्कॅनरवर शून्य दिसते आहे, तर क्रँक पोझिशन सेन्सर (इंजिनाची गती आणि स्थिती इसीयूला कळवणारा), त्याचा कनेक्टर किंवा वायरिंग तपासावे. इंजिन फिरते आहे हेच इसीयूला कळत नसल्यामुळे बहुतेक गाड्यांत ठिणगीही मिळत नाही आणि इंजेक्टरही उघडत नाहीत. दोन्ही गोष्टी एकाच वेळी गायब असतील तर दोघांचे सामाईक कारण शोधावे, ही सवय लवकर लावून घ्या. सेन्सर, मेन रिले, इमोबिलायझर, किंवा अनेक सेन्सरना मिळून जाणारा ५ व्होल्टचा सप्लाय यांपैकी काहीतरी निघते. त्या सामाईक सप्लायवरचा एक सेन्सर आतून शॉर्ट झाला तरी बाकीचे मुके होतात. तेव्हा एकेक सेन्सरचा कनेक्टर काढत जावे आणि कोणता काढल्यावर ५ व्होल्ट परत येतात ते पाहावे.

ठिणगी पाहण्यासाठी स्पार्क टेस्टरच वापरा. प्लगची वायर हातात धरून बॉडीजवळ नेण्याची जुनी पद्धत कॉइलला, इसीयूला आणि माणसालाही घातक आहे.

आता इंधनाकडे येतो, आणि माझ्या चुकीकडेही. मी शिकत होतो तेव्हा एक पेट्रोल गाडी ओढून आणली गेली. चावी ऑन केल्यावर इंधन पंप दोन-तीन सेकंद गुणगुणतो आणि रेलमध्ये (इंजेक्टरना इंधन पुरवणाऱ्या नळीत) दाब तयार करतो. या गाडीत तो आवाजच नव्हता. ठिणगी होती, आरपीएम दिसत होता. मागच्या सीटखालचा पंपाचा कनेक्टर काढून मी चावी ऑन करवली, त्यात मल्टीमीटर लावला, तर त्या क्षणी १२ व्होल्ट स्वच्छ दिसले. सप्लाय आहे, पंप फिरत नाही, अर्थात पंप गेला, असा निष्कर्ष काढून मी नवा पंप बसवला. नवाही फिरला नाही. उस्ताद शांतपणे म्हणाले, "कनेक्टर जोडून मोज." जोडलेल्या कनेक्टरच्या मागून प्रोब घातले, रिले बायपास करून पंप सतत चालू ठेवला आणि पुन्हा मोजले, तेव्हा पंपाच्या दोन टोकांत जेमतेम ४ व्होल्ट होते. पंपाची अर्थ वायर आणि बॅटरीचे निगेटिव्ह टोक यांच्यात मोजले तर ८ व्होल्ट; तेथे शून्याच्या जवळपास असायला हवे होते. कार्पेट उचलले, तेव्हा अर्थचा बोल्ट सापडला : त्याच्या आयलेटवर हिरवट बुरशीसारखा थर चढला होता आणि खाली पत्रा गंजून फुगला होता. जागा घासून चकचकीत केली, बोल्ट आवळला, आणि जुना पंप परत बसवल्यावर तोही ताबडतोब गुणगुणू लागला.

यातले शास्त्र नीट समजून घ्या. मल्टीमीटर जवळजवळ काहीच करंट खेचत नाही, म्हणून वायरीची एकच तार शिल्लक असली किंवा अर्थ गंजलेला असला तरी तो १२ व्होल्ट दाखवतो. पंप मात्र कित्येक अँपिअर खेचतो, आणि करंट वाहू लागला की त्या गंजावरच बहुतेक व्होल्टेज खर्ची पडते. म्हणून सप्लाय आणि अर्थ नेहमी लोड, म्हणजे करंट खेचणारा भाग, चालू असतानाच तपासावेत.

पंपाचा आवाज येतो म्हणजे दाबही आहे, असेही समजू नये. गेज लावून मोजावे. पोर्ट इंजेक्शनच्या बऱ्याच पेट्रोल गाड्यांत ३ ते ४ बार अपेक्षित असतात, तरी त्या गाडीच्या मॅन्युअलमधला आकडाच प्रमाण मानावा. प्लग काढल्यावर ते पेट्रोलने चिंब ओले दिसले तर इंधन कमी नसून जास्त आहे. कूलंट टेम्परेचर सेन्सरचे सर्किट तुटले की काही इसीयू इंजिन उणे ४० अंशांवर आहे असे समजून भरमसाट पेट्रोल सोडू शकतात, त्यामुळे स्कॅनरवर तो आकडाही पाहून ठेवावा. पेट्रोलने भरलेले इंजिन मोकळे करण्यासाठी बऱ्याच गाड्यांत अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबून सेल्फ मारला की इसीयू इंजेक्टर बंद ठेवतो.

डिझेल गाडीत ठिणगीचा प्रश्नच नसतो. कॉमन रेल इंजिनात रेलचा दाब किमान पातळीला, सर्वसाधारणपणे २०० बारच्या आसपास, पोहोचल्याशिवाय इसीयू इंजेक्टर उघडत नाही. तेव्हा फिल्टर, लाइनमध्ये शिरलेली हवा आणि गळणारे इंजेक्टर आधी पाहावेत. ग्लो प्लग (थंड इंजिन सुरू करताना सिलिंडर तापवणारे प्लग) असलेल्या इंजिनात इथरचा स्प्रे कधीही मारू नका, स्फोट होऊन इंजिनाचे नुकसान होते.

सर्वांत चिकाटी लागते ती गरम झाल्यावर बंद पडणाऱ्या आणि थंड झाल्यावर निमूटपणे सुरू होणाऱ्या गाडीला. ती गॅरेजमध्ये पोहोचेपर्यंत बरी झालेली असते, आणि दोष क्रँक सेन्सरचा असेल तर कोडही नेहमी सापडत नाही. मी अशी गाडी स्कॅनर जोडून, ती बंद पडेपर्यंत चालवतो आणि बंद पडली की सेल्फ मारताना आरपीएम पाहतो. तो शून्य असेल तर सेन्सरवर थोडे थंड पाणी टाकतो आणि लगेच पुन्हा सेल्फ मारतो. आरपीएम परत आला आणि इंजिनाने पेट घेतला, तरच नवा सेन्सर मागवतो. बसवल्यावरही गाडी लगेच परत देत नाही. पुन्हा तितकीच तापवून, बंद करून, दहा-पंधरा मिनिटे झाकलेल्या बॉनेटखाली इंजिन तसेच ठेवतो आणि मग सेल्फ मारून पाहतो.