बाजूक लावूक जागा असता काय? पावसाळ्यातल्या लँडिंगबद्दल, नव्यानं उडायला निघालेल्यांसाठी

माझे बाबा एसटीत चालक होते. सावंतवाडी ते बेळगाव, मधे आंबोलीचा घाट. जुलैमध्ये त्या घाटात धुकं उतरलं की बॉनेटच्या पुढचं काही दिसत नाही. बाबा अशा वेळी गाडी कडेला घेत, दिवे चालू ठेवत आणि वाहकाबरोबर तंबाखू मळत बसत. प्रवासी कुरकुरायचे. धुकं विरळ झालं की गाडी पुन्हा निघायची. मला सहवैमानिक म्हणून नोकरी लागली तेव्हा त्यांनी पगार विचारला नाही, एवढंच विचारलं, "बाय गो, थंय गाडी बाजूक लावूक जागा असता काय?"

उत्तर असं आहे की जागा असते, पण ती निघण्याआधी टाकीत भरून घ्यावी लागते. हे उत्तर बाबांना द्यायला मला दोन पावसाळे लागले.

९ ऑक्टोबर २०२१ ला चिपीचं सिंधुदुर्ग विमानतळ सुरू झालं, तेव्हापासून कुडाळ-वेंगुर्ल्याकडची मुलं-मुली मला विचारतात की पायलट कसं व्हायचं, आणि लगेच पुढचा प्रश्न, वादळवाऱ्यात भीती नाही वाटत? पहिल्याचं उत्तर चार ओळींत संपतं. बारावीला फिजिक्स आणि गणित हवं. नसेल तर मुक्त विद्यालयातून ते दोन विषय देता येतात. आधी क्लास २, मग क्लास १ वैद्यकीय तपासणी. पैसे भरण्याआधी ती करून घ्या, कारण डोळ्यातली एखादी अडचण तिथेच कळलेली बरी. डीजीसीएच्या (नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या) हवाईमार्ग, हवामान, नियम आणि तांत्रिक या विषयांच्या परीक्षांत ७० टक्के लागतात. आणि २०० तासांचं उड्डाण झालं की व्यावसायिक परवाना. झालं.

पण त्या २०० तासांत पाऊस जवळजवळ नसतो. मी देशावरच्या एका धावपट्टीवर शिकले. धूळ, ऊन, दुपारचे भोवरे हे सगळं पाहिलं. ढग खाली आले की मात्र शाळा विमानं हँगरमध्ये ढकलायची. बरोबरच आहे ते, छोट्या विमानानं पावसात जायचंच नसतं. त्याचा परिणाम असा की परवाना खिशात असतो आणि काचेवर पडणारी पहिली खरी सर तुम्ही सत्तर माणसं मागे बसलेली असताना बघता. म्हणून हवामानाचा पेपर घोकून पास होऊ नका. चार पेपरांतला तोच एक असा आहे जो नोकरीत रोज सकाळी पुन्हा द्यावा लागतो.

वाऱ्यापासून सुरुवात करू, कारण कोकणात जन्मलेल्याला तो आधीच अर्धा येतो. सकाळचा मतलई, घाटाकडून समुद्राकडे जाणारा. ऊन चढलं की खारा वारा, समुद्राकडून आत येणारा. चिपी आणि गोव्यातलं मोपा, दोन्हीकडच्या धावपट्ट्या साधारण पूर्व-पश्चिम. चिपीला पूर्वेकडे तोंड करून उतरलं तर ती ०९, पश्चिमेकडे तोंड करून उतरलं तर २७. विमान वाऱ्याच्या तोंडावर उतरवतात, त्यामुळे हिवाळ्यात सकाळी एका बाजूनं यावं लागतं आणि दुपारी दुसऱ्या. पावसाळ्यात वारा नैऋत्येचा किंवा पश्चिमेचा, म्हणजे बहुतेक वेळा २७.

आता थोडं गणित. २७ चा रोख २७० अंश. वारा २४० वरून २४ नॉट (ताशी सागरी मैल) असला तर कोन ३० अंशांचा, आडवा भाग, म्हणजे धावपट्टीला काटकोनात लागणारा वारा, निम्मा, म्हणजे १२ नॉट. तोच वारा २१० वर सरकला तर कोन ६० अंशांचा होतो आणि आडवा भाग २१ नॉटच्या आसपास जातो. वेग तितकाच, फक्त दिशा थोडी वळली. एखादी सर जवळून जाताना वारा तीस अंश सहज वळतो. टॉवर वारा सांगतो तेव्हा वेगाइतकाच दिशेकडे कान ठेवायचा तो यासाठी. ३० अंशांना निम्मा, ४५ ला सात-दशांश, ६० ला जवळपास नऊ-दशांश एवढं तोंडपाठ असू द्या. कॉकपिटमध्ये कॅल्क्युलेटर काढायला कोणी थांबत नाही.

आडव्या वाऱ्यात विमान तिरकं येतं, नाक वाऱ्याकडे आणि चाल धावपट्टीच्या रेषेवर. खाडीवर तरीत बसलेल्यांना हे नवीन नाही. तरवाला होडीचं नाक प्रवाहाच्या वर धरतो तेव्हाच ती समोरच्या धक्क्याला लागते. फरक इतकाच की विमानाला शेवटच्या क्षणी नाक सरळ करून टेकावं लागतं, नाहीतर चाकांवर आडवा ताण येतो. पायानं रडर (शेपटीवरचं सुकाणू), हातानं वाऱ्याकडचा पंख किंचित खाली. शिकवताना हे दोन वाक्यांत सांगतात, हाताला बसायला दोनशे लँडिंग लागतात.

सड्यावरच्या विमानतळांची आणखी एक खोड आहे. आपल्याकडे सपाट जागा म्हणजे जांभ्याचा सडा, आणि सड्याला कडा असते. पश्चिमेचा वारा सड्यावरून वाहत येतो आणि पूर्वेच्या कडेवरून खाली घसरतो. २७ वर येणारं विमान नेमकं त्या कडेवरूनच येतं. धावपट्टी सुरू व्हायच्या थोडं आधी कोणीतरी खालून ओढल्यासारखं विमान बसतं. त्यावर नाक उचलू नका, पॉवर द्या. नाक उचललं की वेग जातो, आणि वेगच तर धरून ठेवायचा असतो.

दृश्यता हा शब्द पुस्तकात एकच आहे, प्रत्यक्षात तिचे प्रकार वेगळे. हिवाळ्यात पहाटे खाडीच्या बाजूनं धुकं साचतं, सूर्य वर आला की उठतं; त्याच्याशी वाद घालायचा नाही, उशिरा निघायचं. मार्च-एप्रिलच्या संध्याकाळी पाऊस नसतो पण धूसर असतं, २७ वर येताना सूर्य थेट डोळ्यांत आणि काचेवर खाऱ्या वाऱ्याचा थर. मेटारमध्ये, म्हणजे विमानतळाच्या हवामान-नोंदीत, दृश्यता चांगली लिहिलेली असते, तरी धावपट्टी दिसत नाही. मेटार लिहिणारा माणूस सूर्याकडे बघून लिहीत नाही ना. आणि तिसरी पावसाची सर. ती रेषेत येते, समुद्रावरून पांढरा पडदा ओढत. पाच किलोमीटरची दृश्यता काही मिनिटांत आठशे मीटरवर येते आणि बहुतेकदा पंधरा-वीस मिनिटांत पुन्हा मोकळं होतं.

काचेवर पाणी असलं की डोळाही फसतो. प्रकाश वाकल्यामुळे आपण आहोत त्यापेक्षा उंच आहोत असं वाटतं, आणि हात आपसूक विमान खाली दाबतो. रात्री समुद्रावरून येताना खाली काळोख आणि पुढे फक्त धावपट्टीचे दिवे, तेव्हाही तसंच होतं. अशा वेळी डोळ्यापेक्षा यंत्रावर विश्वास ठेवायचा.

आता माझी चूक सांगते. पहिला पावसाळा, किनाऱ्यावरचं एक विमानतळ, दुपारचे चार. इन्स्ट्रुमेंटवर उतरत होतो. प्रत्येक अॅप्रोचला, म्हणजे धावपट्टीकडे उतरत येण्याला, एक उंची ठरलेली असते. साध्या आयएलएसला (रेडिओ लहरींवरून धावपट्टीकडे आणणारी यंत्रणा) ती धावपट्टीपासून २०० फुटांपर्यंत खाली असू शकते. तिथवर दिवे किंवा धावपट्टी दिसली तर पुढे जायचं, नाहीतर वर. बाहेर बघायचं काम माझं होतं. तीनशे फुटांच्या आसपास मला ढगाच्या फटीतून काहीतरी लांब, राखाडी आणि ओलं चमकताना दिसलं. मी म्हणाले, "रनवे दिसतोय."

कॅप्टननी डोकं वर केलं नाही. म्हणाले, "काय दिसतंय ते सांग."

मी पुन्हा बघितलं. तो रस्ता होता. त्यावर एक टेम्पो होता.

"गो-अराउंड," मीच म्हणाले, आणि आवाज चिरकला हे मला आठवतं. आम्ही वर गेलो. नंतर त्यांनी रागावून काही म्हटलं नाही. एवढंच सांगितलं की "दिसतोय" हा शब्द वापरायचा नाही, दिसलेली वस्तू बोलायची: अॅप्रोचचे दिवे, उंबरठ्याचे हिरवे दिवे, धावपट्टीचा आकडा. नाव घेता आलं नाही तर ते दिसलेलं नाही. नियमसुद्धा तेच म्हणतो, की खूण स्पष्ट दिसली आणि ओळखता आली पाहिजे. परीक्षेत ते वाक्य मी लिहून गुण मिळवले होते.

वर गेल्यावर काय? इथे बाबांची कड येते. आमच्याकडे नेहमीपेक्षा जास्त, सुमारे चाळीस मिनिटं घिरट्या घालण्याइतकं इंधन होतं, कारण सकाळी कॅप्टननी ते मागून घेतलं होतं. मला तेव्हा ते वजन वाया वाटलं होतं. सर जायची वाट बघत आम्ही वर्तुळं काढली. ती गेली, आणि तिच्यामागून दुसरी आली. मग पर्यायी विमानतळ.

नव्या माणसाचा हमखास गोंधळ होतो तो इथे. नकाशावर सगळ्यात जवळचा पर्याय सुचतो: चिपीला मोपा, मोपाला दाबोळी. पण तोच ढगांचा पट्टा सगळ्या किनाऱ्यावर बसलेला असतो. एक बंद झालं की शेजारचंही बंद व्हायच्या वाटेवर असतं, आणि तिथे आधीच चार विमानं रांगेत असतात. बेळगाव घाटापलीकडे असलं तरी घाटाला चिकटून. पावसाळ्यात तिथेही ढग जमिनीला टेकतात. त्यामुळे कोकणात जाणाऱ्या विमानाचा पावसाळी पर्याय कोकणाबाहेर, खरं तर घाटमाथ्याच्याही पलीकडे शोधावा लागतो. आम्ही त्या दिवशी हैदराबादला गेलो, तासाभराहून जास्त. गणपतीला अजून महिना होता म्हणून बरं, नाहीतर प्रवाशांनी आम्हाला सोडलं नसतं.

पर्यायी विमानतळापर्यंतचं इंधन वेगळं, आणि त्याशिवाय शेवटचा ३० मिनिटांचा साठा वेगळा. त्या साठ्याला हात लागणार असं दिसलं की "मेडे फ्युएल" म्हणावं लागतं. मी अजून म्हटलेलं नाही.

ओली धावपट्टी. साचलेल्या पाण्यावर टायर तरंगू लागतो तो वेग काढायचं एक जुनं सूत्र आहे: टायरचा दाब पीएसआयमध्ये घ्या, वर्गमूळ काढा, नऊनं गुणा, उत्तर नॉटमध्ये. १०० पीएसआयला ९० नॉट. म्हणजे टेकल्यानंतरचा बराच काळ तुम्ही त्या वेगाच्या वरच असता आणि ब्रेक दाबून काही होत नाही. म्हणूनच निघण्याआधी ओल्या धावपट्टीसाठी कोरड्यापेक्षा १५ टक्के जास्त लांबी धरतात, आणि टेकताना विमान अलगद ठेवत नाहीत, ठामपणे ठेवतात. अलगद ठेवायच्या नादात विमान तरंगत पुढे जातं आणि मागे सोडलेली धावपट्टी परत मिळत नाही.

याच पश्चिम किनाऱ्यावरची, कोकणाच्या दक्षिणेची दोन उदाहरणं प्रत्येक विद्यार्थ्यानं वाचावीत. ७ ऑगस्ट २०२०, केरळमधलं कोळिकोड: पाऊस, पाठीमागचा वारा, एका बाजूनं प्रयत्न फसल्यावर दुसऱ्या बाजूनं लँडिंग, आणि विमान ८,८५८ फुटांच्या धावपट्टीवर ४,४३८ फूट आत टेकलं. २१ माणसं गेली. दुसरं २२ मे २०१०, मंगळूर. तिथे दृश्यता चांगली होती. अॅप्रोच बिघडलेला होता, सहवैमानिक वर चला म्हणत होता, तरी उतरले. १५८ गेले. दोन्ही ठिकाणी पठारावरची धावपट्टी, पुढे दरी. हे अहवाल कंटाळवाणे आहेत, तरी सावकाश वाचा, विशेषतः कॉकपिटमधलं बोलणं.

त्यावरून आठवलं. आपल्याकडे मोठ्यांना उलटून बोलायचं नाही असं वळण असतं, आणि सिंधुदुर्गातून आलेल्या मुलीला पंचावन्न वर्षांच्या कॅप्टनला "सर, गो-अराउंड" म्हणताना जीभ जड होते. सिम्युलेटरमध्ये ते मोठ्यानं म्हणायची सवय करा. पावसाळ्यात हवा खराब असली तर लँडिंग सहवैमानिकाच्या हाती देतच नाहीत, त्यामुळे तेव्हा तुमचा खरा उपयोग बघण्याचा आणि बोलण्याचा. ढगात असताना १,००० फुटांवर वेग, उतार आणि रेषा जागेवर नसतील तर वर जायचं; का गेलात हे विचारायला कोणी येत नाही. परत वर गेल्याबद्दल शिक्षा करायची नाही असं डीजीसीएचं धोरणच आहे. डिझेलवरून डेपो मॅनेजरची बोलणी खाल्लेल्या बाबांना यावर विश्वास बसत नाही.

परवाच्या ऑगस्टमध्ये चिपीला उतरलो. वारा आडवा, धावपट्टी ओली, कॅप्टननी विमान बरोबर ठरल्या जागी धपकन ठेवलं. दार उघडल्यावर मी निरोप द्यायला उभी होते. काजूच्या दोन पिशव्या सांभाळत एक आजी आल्या, माझ्या खांद्यावरच्या पट्ट्या बघितल्या आणि म्हणाल्या, "काय गो बाय, आपटलंस मां!"

"होय आजी," म्हटलं, "मुद्दाम."