पुस्तकाचं पहिलं कव्हर करायला मिळालंय? मग हे वाचून घ्या

बरेच जण विचारतात की इलस्ट्रेटर व्हायचं तर जेजेलाच (मुंबईचं जे. जे. कला महाविद्यालय) जायला लागतं का. अप्लाइड आर्टची डिग्री असली तर पाया पक्का होतो, खोटं कशाला बोला, पण प्रकाशक डिग्री बघत नाही, आधी केलेली कामं बघतो. कामंच नसतील तर आवडत्या तीन-चार जुन्या पुस्तकांची कव्हरं स्वतःच्या मनाने नव्याने करा आणि तीच दाखवा. आणि रद्दीवाल्याकडून जुने दिवाळी अंक आणा. चित्रकार दीनानाथ दलालांनी १९४५ साली स्वतःचा 'दीपावली' अंक काढला होता, त्यातली चित्रं बघताना नुसतं वा वा करू नका, मोकळी जागा कुठे सोडलीय ते बघा.

काम मिळालं की आधी पुस्तक वाचा. पूर्ण. प्रकाशक चार ओळींचा सारांश पाठवतो आणि म्हणतो एवढं पुरे, ते पुरत नाही, कारण सारांशात विहीर असते आणि पुस्तकात खरा जीव त्या विहिरीवरच्या गंजलेल्या रहाटात असतो. मग काडेपेटीएवढी दहा-बारा स्केचेस, पेन्सिलनेच. त्यातली तीनच दाखवा. जास्त दाखवलीत की "याचं आकाश आणि त्याची बाई" असली खिचडी मागतात.

आता अक्षरं. इथे सगळ्यात जास्त माती होते. चित्र झकास आणि नाव मात्र कुठल्यातरी फुकट फॉन्टमध्ये डकवलेलं! कमल शेडग्यांनी नाटकांच्या जाहिरातींसाठी केलेली अक्षरं शोधून बघा, नाटकाचा मूड नावातच कळतो. हाताने जमत नसेल तर मुक्त, बलू असे चांगले देवनागरी फॉन्ट मोफत आहेत. फक्त अडोबीच्या सॉफ्टवेअरमध्ये वर्ल्ड रेडी कंपोजर (देवनागरी नीट जुळवणारं सेटिंग) चालू करा नाहीतर पहिली वेलांटी भलतीकडे जाते आणि जोडाक्षरं सुटतात, आणि फाइल पाठवायच्या आधी टेक्स्टच्या आउटलाइन्स करा (म्हणजे अक्षरांचे आकार करून टाका), प्रेसच्या कॉम्प्युटरवर तुमचा फॉन्ट असेलच असं नाही.

फाइल ३०० डीपीआय (इंचाला ठिपके), सीएमवायके (छपाईचे चार रंग), चारी बाजूंनी ३ मिमी ब्लीड (कापताना जाणारी जादा कड). स्क्रीनवरचा झगझगीत हिरवा छापून आला की शेवाळासारखा दिसतो, त्यामुळे एक प्रूफ, म्हणजे छापील नमुना, मागाच. स्पाइन, म्हणजे पुस्तकाचा कणा, अंदाजाने करू नका, माझं दुसरंच कव्हर असं गेलं, स्पाइनवरचं लेखकाचं नाव घसरून मलपृष्ठावर आलं. २०० पृष्ठं म्हणजे १०० पानं, ७० जीएसएमचा (चौरस मीटरला ७० ग्रॅम) कागद साधारण ०.१ मिमी जाड धरला तर स्पाइन १० मिमीच्या आसपास येते, तरी प्रेसवाल्याला फोन करून नक्की आकडा घ्या कारण कागद ऐनवेळी बदलतो.

पैशाचं बोलायला लाजू नका. अर्धे आधी, दोन वेळा बदल फुकट, तिसऱ्यापासून वेगळे पैसे, हे सगळं ईमेलवर. फोनवर ठरलेलं कुणाला आठवत नाही. चित्र फक्त याच पुस्तकासाठी की ई-बुक आणि कॅलेंडरलाही वापरणार तेही लिहून सही घ्या. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात हक्क देताना मुदत लिहिली नसेल तर ५ वर्षं धरतात, पण मुळात ऑर्डर देऊन काढून घेतलेल्या चित्राचा मालक कोण यावरच वाद होऊ शकतो, म्हणून कागद हवाच. टीडीएस (पैसे देतानाच कापलेला कर) कापला तर तो तुमच्या पॅनवर जमा झालाय का तेही बघा, दोनदा विचारायला लागतं कधीकधी.

दिवाळी अंकांचं काम हवं असेल तर मे-जूनपासून संपादकांना चित्रं पाठवायला लागा, गणपतीनंतर जे येतं ते "परवापर्यंत द्या" वालं असतं. (तेही घ्या, सुरुवातीला.)

आणि श्रेयपानाचं प्रूफ मागून घ्या. 'मुखपृष्ठ' या शब्दापुढे तुमचं नाव आहे ना, आडनावावरचा अनुस्वार आहे ना ते बघा, माझा पहिल्या आवृत्तीत उडाला होता आणि दुसरी आवृत्ती अजून निघाली नाही.