संसर्गात शुगर आणि तांबड्या पेशी : आकडे वाचताना या चुका टाळा

सेप्सिसच्या (संसर्गाने शरीरभर पेटलेल्या दाहाच्या) रुग्णाची शुगर २८०, आणि हिमोग्लोबिन दोन दिवसांत ११ वरून ९ वर. बहुतेक वेळा हे दोन आकडे दोन वेगळ्या कागदांवर असतात आणि दोन वेगळी माणसं ते वाचतात. एक जण इन्सुलिन वाढवतो, दुसरा रक्ताची पिशवी मागवतो. गफलत इथूनच सुरू होते, कारण शुगरचा जवळजवळ प्रत्येक आकडा तांबड्या पेशींच्या हातून आपल्यापर्यंत पोहोचतो. ग्लुकोमीटरचं वाचन हिमॅटोक्रिटवर (रक्तातल्या तांबड्या पेशींच्या टक्केवारीवर) हलतं, एचबीए१सी (साखर चिकटलेलं हिमोग्लोबिन) पेशीच्या वयावर हलतं आणि प्रयोगशाळेतलं ग्लुकोज ट्यूबमधल्या पेशींनी वाटेत किती साखर खाल्ली त्यावर. सर्वांगी दाहात नेमकी ही पेशीच बिघडलेली असते.

संसर्ग पेटला की कॉर्टिसॉल, अ‍ॅड्रेनालिन, ग्लुकॅगॉन वाढतात, यकृत साखर सोडत राहतं आणि दाहक रसायनांमुळे स्नायू इन्सुलिनला दाद देत नाहीत. मधुमेह नसलेल्या माणसाचीही शुगर त्यामुळे १४० च्या वर जाते. तांबड्या पेशीला साखर आत घ्यायला इन्सुलिन लागत नाही, त्यामुळे रक्तात जेवढी साखर तेवढी तिच्या आत. त्यातच ऑक्सिडेशनचा मारा, आवरणाचा ताठरपणा आणि प्लीहेतल्या भक्षक पेशींची वाढलेली भूक. पेशी १२० दिवस जगण्याऐवजी लवकर बाद होते. वर हेप्सिडिन हे लोहाला आवर घालणारं संप्रेरक वाढल्याने लोह साठ्यात अडकून पडतं आणि नवीन पेशी बनणंही मंदावतं.

सलाईन चालू असलेल्या हातातून रक्त घेणं

ही चूक पहिली, कारण एकाच झटक्यात ती दोन्ही आकडे खोटे करते. ५ टक्के डेक्स्ट्रोजच्या बाटलीत दर डेसिलिटरला ५००० मिलिग्रॅम साखर असते. नमुन्यात त्याचा दहावा भाग जरी मिसळला, तरी १२० ची शुगर सहाशेच्या पुढे जाते आणि १२ चं हिमोग्लोबिन १०.८ दिसतं. ‘शुगर भडकली आणि रक्त फुटतंय’ (म्हणजे तांबड्या पेशी फुटताहेत) अशी अख्खी गोष्ट त्यातून तयार होते, जी रुग्णाच्या अंगात घडलेलीच नसते.

ओळखायचं कसं? शुगर अचानक चढलेली आणि त्याच रिपोर्टात सोडियम, कॅल्शियम, प्रथिनं, प्लेटलेट सगळंच थोडंथोडं उतरलेलं. असं दिसलं की इन्सुलिन देण्याआधी दुसऱ्या हातातून पुन्हा रक्त घ्या. दुसरा हात मिळत नसेल तर सलाईन थांबवून काही मिनिटं जाऊ द्या, सुईच्या जागेच्या खालच्या बाजूने रक्त काढा आणि सुरुवातीचं रक्त टाकून द्या. सेंट्रल लाइनमधून घेताना हेच दुप्पट काळजीने.

ट्यूब टेबलावर पडून राहणं

काढलेल्या रक्तातल्या पेशी जिवंतच असतात आणि साखर खात राहतात. साध्या तापमानाला ग्लुकोज तासाला साधारण ५ ते ७ टक्के उतरतं. १५० ची शुगर तीन तासांत १२५ च्या आसपास येते. संसर्गात पांढऱ्या पेशी खूप वाढलेल्या असतील तर घसरण आणखी वेगाने होते. राखाडी झाकणाच्या फ्लोराइड ट्यूबवर लोकांचा फार विश्वास असतो, पण फ्लोराइडचा परिणाम पूर्ण व्हायला एक-दोन तास, कधी त्याहून जास्त लागतात. पहिल्या तासातली घट ते रोखत नाही. सायट्रेट बफर असलेली ट्यूब लगेच काम करते. ती नसेल तर ट्यूब बर्फ-पाण्यात ठेवून अर्ध्या तासात प्लाझ्मा वेगळा करणं हाच खात्रीचा मार्ग.

मीटरच्या आकड्यावर डोळे मिटून इन्सुलिन

हिमॅटोक्रिट कमी असेल तर मीटर शुगर खऱ्यापेक्षा जास्त दाखवतं, जास्त असेल तर कमी. दाहामुळे रक्त उतरलेल्या रुग्णात पहिली दिशा धोक्याची: खरी शुगर ६५, मीटर म्हणतं ९०, आणि सगळे निर्धास्त. अनेक नवी मीटर्स ही चूक स्वतः सुधारतात, पण ठरावीक मर्यादेतच. ती मर्यादा पट्ट्यांच्या डबीतल्या माहितीपत्रकावर छापलेली असते. रुग्णाचा हिमॅटोक्रिट त्या मर्यादेबाहेर असेल तर त्या मीटरने निर्णय घेऊ नका.

बोट थंडगार, अंगावर सूज, रक्तदाब औषधांवर टिकवलेला, अशा अवस्थेत बोटाच्या टोकाचं रक्त भरवशाचं राहत नाही. तिथे धमनीतलं किंवा शिरेतलं रक्त घेऊन रक्तवायू यंत्रावर किंवा प्रयोगशाळेत तपासा. शिरेतून मोठ्या मात्रेत क जीवनसत्त्व दिलं जात असेल तर बऱ्याच मीटर्सवर शुगर खोटी चढते आणि मूत्रपिंड मंद असेल तर हा परिणाम रेंगाळतो.

हिमोलाइज्ड नमुना : फुटलं कुठे, नसेत की सिरिंजमध्ये?

सगळ्यात जास्त वेळ इथे जातो आणि सगळ्यात जास्त चुकीचे निर्णयही इथेच होतात. रिपोर्टवर ‘हिमोलाइज्ड’ (तांबड्या पेशी फुटलेला नमुना) असा शिक्का दिसला की काही जण नमुना फेकून पुढे जातात, काही जण रुग्णाचं रक्त फुटतंय म्हणून घाबरतात. आधी पुन्हा रक्त घ्या, नीट. पट्टा एक मिनिटाहून जास्त आवळलेला नको, शिर चांगली असेल तर २१ गेजची सुई, स्पिरिट वाळू द्यायचं, सिरिंजचा दट्ट्या जोरात ओढायचा नाही, रक्त सुईतून दाबून ट्यूबमध्ये सोडायचं नाही. ट्यूब हलक्या हाताने उलटसुलट करायची, हलवून घुसळायची नाही. कॅन्युलातून घेतलेलं रक्त थेट सुईने घेतलेल्यापेक्षा जास्त फुटतं, हेही ध्यानात असू द्या.

नीट घेतलेला दुसरा नमुनाही लालसर आला तर मामला खरा समजा. मग लघवीचा रंग पाहा, पेशी फुटल्याच्या खुणा सांगणाऱ्या चाचण्या, म्हणजे इनडायरेक्ट बिलिरुबिन, एलडीएच, हॅप्टोग्लोबिन, रेटिक काउंट (कोवळ्या तांबड्या पेशींची मोजणी) मागवा आणि स्लाइड एखाद्या अनुभवी माणसाला बघू द्या. तुटक्या, शिरस्त्राणासारख्या पेशी आणि सोबत कमी प्लेटलेट असतील तर पीटी, एपीटीटी, फायब्रिनोजेन या रक्त गोठण्याच्या चाचण्या त्याच दिवशी. गोल, मधला फिकट भाग हरवलेल्या पेशी असतील तर डायरेक्ट कूम्ब्ज (पेशींना चिकटलेली प्रतिपिंडं शोधणारी चाचणी). मलेरियाचे परजीवीही याच काचेवर सापडतात.

दाहात यातल्या दोन चाचण्या फसवतात. हॅप्टोग्लोबिन पेशी फुटल्या की उतरतं, पण ते दाहात वाढणारं प्रथिनही आहे, त्यामुळे पेशी फुटत असूनही ते ‘नॉर्मल’ येऊ शकतं. सीआरपी (दाहाचा निर्देशक) गगनाला भिडलेला आणि हॅप्टोग्लोबिन मात्र जेमतेम नॉर्मल, हे संशयास्पदच धरावं. रेटिक काउंट एरवी तीन ते पाच दिवसांत वाढतो, पण दाहाने अस्थिमज्जा दबलेली असेल तर वाढतच नाही. ‘रेटिक कमी, म्हणजे रक्त फुटत नाही’ हा निष्कर्ष इथे चालत नाही.

आता शुगरशी गाठ कुठे पडते ते पाहा. नमुन्यात पेशी फुटल्या की आतलं पोटॅशियम बाहेर येतं. खरं पोटॅशियम ३.१ असताना रिपोर्ट ४.२ दाखवतो. त्या भरवशावर इन्सुलिनची ड्रिप सुरू होते, इन्सुलिन पोटॅशियम आणखी पेशींत ढकलतं आणि हृदयाची लय बिघडते. रक्तवायू यंत्र अख्खं रक्त तपासतं, त्यामुळे नमुना फुटलेला आहे हे बहुतेक यंत्रांवर कळतही नाही. आकडा आणि ईसीजी जुळत नसतील तर आकड्यावर विसंबू नका, पोटॅशियम पुन्हा तपासा.

प्रयोगशाळेतल्या मंडळींसाठी एक: शुगर ६०० च्या वर असेल तर सीबीसी यंत्रात एमसीव्ही (पेशीचा सरासरी आकार) आणि हिमॅटोक्रिट खोटे फुगतात, एमसीएचसी (पेशीतल्या हिमोग्लोबिनची घनता) उतरतो. साखरेने भरलेली पेशी यंत्राच्या पातळ द्रावणात पडली की पाणी ओढून घेते. नमुना आधी द्रावणात मिसळून काही मिनिटं थांबा, मग यंत्रावर लावा. आकडे जाग्यावर येतात.

‘तीन महिन्यांची शुगर’ प्रत्येकात तीन महिन्यांची नसते

एचबीए१सी पेशीच्या आयुष्यभराच्या साखरेची नोंद आहे. पेशी लवकर मरत असतील तर नोंद अपुरी राहते आणि आकडा खोटा कमी येतो. रक्त चढवलं असेल तर त्यात रक्तदात्याच्या पेशींची भर पडते. उलट, लोहाच्या कमतरतेत आकडा खोटा वाढतो. पडताळा सोपा आहे: एचबीए१सीला २८.७ ने गुणा आणि ४६.७ वजा करा, सरासरी शुगर मिळते. ७ म्हणजे १५४, ९ म्हणजे २१२. नोंदवहीतली सरासरी २१० च्या घरात आणि एचबीए१सी ६.४, असा मेळ बसत नसेल तर नोंदवहीवर विश्वास ठेवा आणि पेशींचं काय चाललंय ते शोधा. फ्रुक्टोसामिन (रक्तातल्या प्रथिनांना चिकटलेल्या साखरेची चाचणी) पर्याय म्हणून सुचवलं जातं, पण दाहात अल्ब्युमिन उतरलेलं असतं, तेव्हा तेही कमीच दाखवतं.

एका ठिकाणी एचबीए१सी फार उपयोगी आहे: भरती होतानाच, रक्त चढवण्याआधी घेतलेला. चार दिवसांच्या तापाने तो फारसा हलत नाही, म्हणून जुना मधुमेह आणि आजारातली तात्पुरती शुगर यांतला फरक तो सांगतो.

शुगर घाईने ‘एकदम नॉर्मल’ करणं

२००९ च्या नाइस-शुगर चाचणीत अतिदक्षता विभागातल्या सहा हजारांवर रुग्णांत ८१ ते १०८ चं कडक लक्ष्य आणि १८० पर्यंतचं सैल लक्ष्य यांची तुलना झाली. कडक गटात मृत्यू जास्त झाले (२७.५ विरुद्ध २४.९ टक्के) आणि शुगर धोकादायक उतरण्याचं प्रमाण ६.८ विरुद्ध ०.५ टक्के होतं. म्हणून गंभीर रुग्णात १८० ला इन्सुलिन सुरू करून १४० ते १८० मध्ये ठेवतात. इन्सुलिनने पोटॅशियमबरोबर फॉस्फेटही उतरतं. ते दर डेसिलिटरला १ मिलिग्रॅमच्या खाली गेलं तर पेशीतलं एटीपी (ऊर्जेचं इंधन) संपत येतं आणि पेशी खरोखर फुटू शकते. क्वचित घडतं, पण कुपोषित रुग्णात ड्रिप चालू असताना फॉस्फेट न तपासणं परवडत नाही.

नुसती शुगर चढली म्हणून दोन दिवसांत दोन ग्रॅम हिमोग्लोबिन उतरत नाही. रक्तस्राव, सलाईनने रक्त पातळ होणं, रोजचं रक्त काढणं, नव्याने सुरू केलेलं औषध, हे आधी तपासा.

औषधांचा विचार करताना जी६पीडी या तांबड्या पेशीतल्या संरक्षक एन्झाइमची कमतरता विसरली जाते. अशी कमतरता असलेली पेशी ऑक्सिडेशनपासून स्वतःला वाचवू शकत नाही. संसर्ग, प्रायमाक्विन, डॅप्सोन, रॅसब्युरिकेज यांनी ती फुटते. नेमकी चाचणी फुटण्याच्या भरात केली तर जुन्या, कमकुवत पेशी आधीच गेलेल्या असतात आणि उरलेल्या तरुण पेशींमुळे निकाल नॉर्मल येऊ शकतो. संशय असेल तर औषध टाळा आणि साधारण तीन महिन्यांनी पुन्हा चाचणी करा.

घरी आजारी पडल्यावर ‘जेवण नाही म्हणून इन्सुलिन बंद’ ही जुनी चूक. टाइप १ मध्ये बेसल (दिवसभर पुरणारं, जेवणाशी न जोडलेलं) इन्सुलिन कधीच बंद करायचं नाही. ‘ग्लिफ्लोझिन’ने संपणाऱ्या गोळ्या मात्र आजारपणात थांबवतात, कारण त्यांच्यावर शुगर २०० च्या आत असतानाही कीटोनची आम्लं साचून कीटोअ‍ॅसिडोसिस होऊ शकतो. उलट्या, धाप, पोटदुखी असेल तर शुगर कितीही असो, रक्तातले कीटोन तपासा. लिटरला ३ मिलिमोल किंवा अधिक असतील तर लगेच दवाखाना.

घरी सोडताना शुगरचा प्रश्न अर्धवट राहतो. आजार पूर्ण उतरल्यावर, स्टेरॉइड बंद झाल्यावर काही आठवड्यांनी उपाशीपोटी शुगर तपासा. ती १२६ किंवा जास्त, अथवा ७५ ग्रॅम ग्लुकोजनंतर दोन तासांनी २०० किंवा जास्त आली, तर वेगळ्या दिवशी पुन्हा करून मधुमेहाची खात्री करा. रक्त चढवलेलं असेल तर एचबीए१सी तीन महिने थांबवा आणि सोडपत्रावर रक्त चढवल्याची तारीख ठळक लिहून घ्या.