टाकीला जागा कुठली देताय, ते आधी बघा

लेआऊटच्या, म्हणजे प्लॉट पाडलेल्या वसाहतीच्या, पाण्याचा हिशेब सगळ्यांनाच येतो. माझाही बरोबर होता, आणि तरी मी तोंडावर आपटलो.

बेळगावच्या बाहेर, खानापूरच्या वाटेवर 60 साईटींचा (प्लॉटचा) लेआऊट. नोकरीचं दुसरं वर्ष. घरटी 5 माणसं, माणशी 135 लिटर, म्हणजे रोजचे 40,500 लिटर. गळती 15 टक्के धरून साडेसत्तेचाळीस हजारांच्या वर. म्हणून 50,000 लिटरची टाकी, पीक फॅक्टर (गर्दीच्या वेळी सरासरीच्या किती पट पाणी लागतं तो आकडा) 3, त्यावर पाईप. साहेबांनी पानं उलटली, सही केली. (मागच्या फाईलवरून नवी फाईल करायला शिकवणारे साहेब मिळाले तर चहा प्या, शिकू मात्र नका.)

टाकी ठेवली फाटकाजवळच्या खोलगट कोपऱ्यात. तुकडा वाकडातिकडा, विकला गेला नसता. "बारा मीटर उंच आहे की!" मालक म्हणाले. मीही मान डोलावली.

आता सावकाश वाचा. टाकीची उंची आपण तिच्या पायथ्यापासून मोजतो; पाण्याला पायथ्याशी काही देणंघेणं नाही. टाकीचा तळ जमिनीपासून 12 मीटरवर. वरच्या गल्लीची जमीन टाकीखालच्या जमिनीहून 9 मीटर उंच. उरले 3 मीटर, तेवढाच पाण्याचा दाब. पाईपातल्या घर्षणात मीटरभर गेला, उरले 2. एकमजली घराला 7 मीटर दाब लागतो, दुमजलीला 12. आणि हे 2 सुद्धा गर्दी नसताना. सकाळी खालच्या घरांनी एकदम नळ सोडले की पाईपातला प्रवाह दुप्पट, घर्षण जवळपास चौपट, आणि वरच्या नळाला नुसती फुसफुस. तीच टाकी वरच्या टोकाला असती, तर वरच्यांना जवळपास 12 आणि खालच्यांना 20 च्या आसपास मिळाले असते. त्यासाठी मालकाची एक चांगली साईट गेली असती, एवढंच. हे मी बोललो नाही, कारण जमिनीच्या लेव्हल (उंचसखलपणाची मापं) घेतल्याच नव्हत्या. नकाशा सपाट कागदावर असतो, जमीन नसते.

चुकलात तर नोकरी जात नाही, माझीही गेली नाही. पण आधी डंपी (लेव्हल मोजायची दुर्बीण) घेऊन सगळ्यात उंच साईटवर उभे राहा, कॅल्क्युलेटर नंतर.

बाकीचं थोडक्यात. शहराची लाईन समोरून जाते म्हणजे पाणी मिळालं असं नव्हे. राकसकोप आणि हिडकल या धरणांचं पाणी आधीच शहराला वाटलेलं आहे. लाईन किती तास सुटते, किती दाबाने, हे पाणी सोडणाऱ्या माणसाला विचारा, ऑफिसात नव्हे. तास कमी असतील तर खाली संप, म्हणजे जमिनीखालची साठवण टाकी, धराच. बोअरची टेस्ट पावसाळा संपताच घेऊन खूश होऊ नका. आपल्याकडच्या काळ्या खडकात पाणी भेगांतून येतं. मे महिन्यात काय उरतं ते बघा. नायट्रेट लिटरला 45 मिलिग्रॅमच्या वर गेलं तर ती बोअर पिण्यासाठी धरू नका.

आणि कन्नड वाचायला शिका. मंजुरीपत्रातली अट दुसऱ्याच्या तोंडून ऐकली की निम्मीच कळते.

त्या लेआऊटला शेवटी दाब वाढवणारा बूस्टर पंप बसवला. वीज गेली की वरच्या गल्लीतून मला फोन येतो, अजून.